गाईडातली विधवा

तीस वर्षं मी दारव्ह्याला कॉलेजात मराठी शिकवलं आणि त्यातली बहुतेक वर्षं गाईडांवर तोंडसुख घेतलं. बाकावर गाईड दिसलं की उचलून माझ्या टेबलावर ठेवायचं, तास संपला की परत द्यायचं आणि देताना दोन शब्द ऐकवायचे, असा माझा शिरस्ता. "दुसऱ्याने चावलेला घास खाता का रे? मग दुसऱ्याने चावलेली कविता कशी चालते?" हे माझं आवडतं वाक्य होतं. पोरं हसत. पोरी मान खाली घालून इतक्या शहाण्यासारख्या ऐकत की मला वाटे, चला, काहीतरी उजेड पडतोय. उजेड कुठला पडायला! दुसऱ्या दिवशी गाईड पिशवीत जरा आणखी खाली जाई, एवढंच. पुढे पुढे तर पिशवीही लागेना, पानांचे फोटो फोनमध्येच असत.

यातली गंमत अशी की, त्या गाईडांपैकी एक माझंच होतं.

ते कसं झालं ते सांगते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला कवितांचं नवं पुस्तक लागलं होतं. वेगवेगळ्या कवींच्या वेचक कविता आणि शेवटी चार ओळींच्या टिपा. यवतमाळला एक पुस्तकवाला होता, तो गाईडंही छापायचा. एके दिवशी तो घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "मॅडम, पोट्टे तं गाईड वाचतेच. तुमी लिहलं तं निदान चांगलं वाचतीन." हा मुद्दा मला पटला असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला फार बरं वाटलं होतं. कवितांचा अर्थ विचारायला कुणीतरी यवतमाळहून आपल्या दारात येतो, ही गोष्ट काही लहान नव्हती. मी एकच अट घातली की नाव छापायचं नाही. त्याने मुखपृष्ठावर 'अनुभवी प्राध्यापकांच्या लेखणीतून' असं छापलं. प्राध्यापक एकच होती, आणि तिच्या अनुभवाचं काय ते पुढे येईलच.

बाकीच्या कविता सरळ होत्या. एक मात्र अडून बसली. बारा ओळींची होती. एक बाई सकाळी दह्याचं भांडं घेऊन निघते. पाच दगडांपुढे बसते. पांढऱ्याला पांढरं देते. कुणाशी तरी हळू बोलते, काय बोलते ते कवी सांगत नाही. मग उठते, डोक्यावर पदर घेते आणि मागे न बघता चालू लागते. झाली कविता. कोण बाई, कुठे निघाली, पांढरं म्हणजे काय, दगड कसले, कशाचा म्हणून पत्ता नाही. कवीबद्दल दोन ओळी होत्या, त्यातही गाव दिलेलं नव्हतं.

मी यवतमाळला जाऊन ग्रंथालयात समीक्षेचे तीन जाडजूड ग्रंथ घेऊन दिवसभर बसले. कवितेत निदान बाई होती, दही होतं. समीक्षेत तेही नव्हतं. तिथे नुसता 'अवकाश' होता आणि 'अस्तित्वभान' होतं. एक परिच्छेद मी चारदा वाचला आणि चौथ्यांदा तो पहिल्यापेक्षा कमी कळला. तो समजून घ्यायला आणखी एखादं पुस्तक लागलं असतं, आणि ते समजायला आणखी एक. माझ्या कवितेवर तर तिन्ही ग्रंथांत अवाक्षर नव्हतं. संध्याकाळच्या एसटीने परत आले तेव्हा डोकं दुखत होतं. कवीचा राग आला होता, समीक्षकांचा आला होता आणि थोडा स्वतःचाही. मराठीची प्राध्यापक म्हणवायचं आणि बारा ओळींपुढे असं बसायचं, हे मला झेपत नव्हतं.

पुस्तकवाल्याचे फोन सुरू झाले. मग मी अर्थ बसवला. पांढरं म्हणजे वैधव्य. पाच दगड म्हणजे पंचेंद्रियं, दगड झालेली. दह्यापाशी जरा अडखळले, पण तेही जमलं. दही म्हणजे विरजलेलं आयुष्य. आणि मागे न बघता जाणं म्हणजे स्मशानातून परतणं, तिथून येताना मागे बघत नाहीत हे सगळ्यांनाच ठाऊक. सगळं कसं चपखल बसलं. 'प्रस्तुत कवितेत कवीने विधवेच्या गोठलेल्या भावविश्वाचे प्रतीकात्मक चित्रण केले आहे' हे वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःवर इतकी खूश झाले की उठून चहा केला. आजही ते वाक्य आठवलं की माझे कान गरम होतात.

गाईड चाललं. पुढच्याच वर्षी एका चर्चासत्रात दुसऱ्या तालुक्यातल्या एका प्राध्यापकांनी निबंध वाचला, त्यात 'गोठलेले भावविश्व' होतं. मी टाळ्या वाजवल्या. परीक्षेचे पेपर तपासायला बसले की गठ्ठ्यातल्या प्रत्येक पेपरात ती विधवा भेटे. कुणाचं अक्षर गोल, कुणाचं तिरकं, पण बाई तीच, दगड झालेली इंद्रियं तीच. मी सात-आठ गुण देत जाई. माझंच मला परत येत होतं आणि मला ते बरोबर वाटत होतं, कारण आता सगळेच तसं म्हणत होते. आपण ते एका दुपारी घाईत बसवलं होतं, हे मी चार-पाच वर्षांत साफ विसरून गेले.

मग ती आली. तिशी ओलांडलेली, बोरी अरबजवळच्या एका खेड्यातली सून, गावच्या अंगणवाडीत सेविका. बारावीनंतर लग्न, दोन मुलं, आणि बारा-तेरा वर्षांनी पुन्हा पाटी-दप्तर. तिला पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसायचं होतं. त्याला पदवी लागते, आणि वयाची अट जवळ येत चालली होती. घरी सासूचा शब्द चाले. सासू तिला म्हणाली होती, "तीन वर्सं तू शिक, पोरं मी पाहतो. चौथं नाई." हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, म्हणजे तास बुडला तर मी रागावू नये म्हणून. अंगणवाडी सुटली की मिळेल त्या गाडीने ती दारव्ह्याला येई. शेवटचे दोन तास तिचे, कवितेचा तास सकाळी असे, तो तिला कधीच मिळाला नाही. दाराजवळच्या बाकावर बसायची, प्रश्न कधी विचारायची नाही, सगळं उतरवून घ्यायची.

तिसऱ्या वर्षाचा निकाल उन्हाळ्यात लागला. बाकी सगळ्या विषयांत पास, मराठीत चार गुणांनी नापास. तिने उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली आणि एका दुपारी ती घेऊन माझ्या घरी आली. पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि कागद माझ्यापुढे ठेवले.

"मॅडम, मी काय चुकली थेवढं सांगा."

मी पानं उलटली. भाषेचा प्रश्न ठीक होता, निबंध ठीक होता. कवितेच्या प्रश्नाला दहापैकी एक गुण होता आणि समासात लाल शाईने लिहिलेलं होतं, 'अर्थ चुकीचा. विधवेचा उल्लेख नाही.' मग मी तिचं उत्तर वाचलं. पहिलंच वाक्य असं होतं की, या कवितेत कवीने सीतादहीचं वर्णन केलेलं आहे.

आमच्याकडे कापूस फुटला की पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादही करतात. वावराच्या एका कडेला कपाशीच्या झाडाखाली पाच दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, पहिल्या बोंडांचा कापूस त्यांच्यावर ठेवायचा, त्यावर दही घालायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वेचणीला लागायचं. कुठे दगडांना चुना लावतात, कुठे झाडाला कापसाचा धागा गुंडाळतात. गावागणिक थोडा फरक असतो, पण कापूस पिकवणाऱ्या घरात हे माहीत नाही असं माणूस सापडायचं नाही. हे सगळं तिने सरळ मराठीत, क्रमाने लिहिलं होतं. पांढऱ्याला पांढरं देते म्हणजे कापसाला दही देते. हळू बोलते म्हणजे भरपूर पिकू दे म्हणते. कवितेत कापूस हा शब्द नाही, कारण जी बाई कपाशीत उभी आहे ती कशाला म्हणेल की इथे कापूस आहे. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तीन ग्रंथांत मला असं एक वाक्य सापडलं नव्हतं.

"हे कुठं वाचलंस तू?"

"वाचलं नाई मॅडम. करतो ना आमी दरवर्सी."

"आणि गाईड नव्हतं तुझ्याकडे?"

ती लाजली. माझं गाईडपुराण तिने तीन वर्षं ऐकलेलं होतं. "होतं," ती म्हणाली, "नणदेनं देल्लं. पन त्याच्यात विधवा लिहलं हाये. मले वाटलं छापणाऱ्याच्या हातून दुसऱ्या कवितेचं तिथं पडलं. कापूस फुटला, बाई दही घिऊन वावरात चालली, इतका चांगला दिवस. अन् त्यानं सुरूच केलं का हिचा नवरा मेला म्हणून! काहून?"

मला हसू आलं आणि पाठोपाठ मामी आठवली. बोरीलाच माझ्या मामाचं वावर होतं. लहानपणी दिवाळीच्या आसपास आम्ही तिथे असू. मामी दगड मांडायची आणि आम्हा पोरांना पळसाच्या पानावर तो दहीभात मिळायचा. तो थंड, आंबटगोड भात मी पाच-सहा वर्षं तरी खाल्लेला आहे. मी गावची नव्हते, वडील कारकून, घर दारव्ह्यात, पण सीतादही मला माहीत नव्हती असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार?

त्या वेळी मी तिला यातलं काही सांगितलं नाही. फेरतपासणीचा अर्ज करता येत होता आणि आमच्याकडे त्याला विषयशिक्षकाचं मत जोडायची पद्धत होती. मी तिला म्हटलं, बस, आत्ता लिहून देते. कागद घेतला आणि लिहिलं की, विद्यार्थिनीने केलेला अन्वयार्थ विचारार्ह असून सहानुभूतीने पुनर्विचार व्हावा. खाली सही केली. तिने कागद हातात घेतला, हळूहळू वाचला आणि टेबलावर ठेवला.

"मॅडम, विचारार्ह म्हंजे बरोबर ना?"

"म्हणजे... विचार करण्यासारखा."

"मंग बरोबर काहून नाई लिहलं? अन् गाईडात चूक हाये हे बी नाई लिहलं. तपासणाऱ्याजवळ तेच गाईड असंन तं तो पुन्हा विधवाच शोधंन ना."

तिचं म्हणणं बिनतोड होतं. ती रागावलेली नव्हती. अंगणवाडीत पोरांचं वजन लिहिताना एखादा आकडा चुकला तर तो जसा दाखवावा, तशी ती दाखवत होती. माझ्या मनात मात्र नाही नाही ते चाललं होतं. गाईड चूक आहे असं लिहायचं तर कशावरून, हे लिहावं लागेल. ते कुणाचं, हे कुणी विचारलं तर? इतकी वर्षं वर्गात ज्या तोंडाने बोलले, त्या तोंडाचं काय? आणि समोर ती बसलेली, तिचं तिसरं वर्ष संपलेलं. मी दोन मिनिटं तरी पेन बंद-उघड करत राहिले असेन.

"ते गाईड मी लिहिलंय," मी शेवटी म्हणाले.

मला वाटलं होतं की ती हसेल, किंवा रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुमी? मंग तुमाले सीतादही माहीत नाई काय?"

"माहीत आहे. लहानपणी बोरीला मामाच्या वावरात दहीभात खाल्लाय मी."

"मंग?"

त्या 'मंग'चं उत्तर मला ठाऊक होतं. पण ते सांगायची लाज वाटत होती. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात जी कविता येते, ती तिकडून कुठून तरी आलेली असते, असं मी धरून चालले होते. तिच्यात स्मशान असू शकतं, वैधव्य असू शकतं, अस्तित्वभान तर असतंच. बोरीच्या वावरातला दहीभात तिच्यात असेल, ही शक्यताच माझ्या डोक्याला शिवली नव्हती. पुणे-मुंबईकडच्या एखाद्या प्राध्यापकाला सीतादही ठाऊक नसती तर तो कुणाला तरी विचारून मोकळा झाला असता. माझी चूक आमच्याकडचीच होती. ज्याने तो भात खाल्लाय, त्यालाच तो कवितेत दिसला नाही.

मी पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर सरळ लिहिलं की, विद्यार्थिनीचा अर्थ बरोबर आहे, गाईडातला चूक आहे, ते गाईड मी लिहिलेलं आहे आणि अर्थ लावताना माझ्याकडून मोठी चूक झालेली आहे. प्राचार्यांची सही लागायची. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, तुमच्या नावाचा भाग कायले ठेवता? उत्तर बरोबर आहे, बस झालं." मी म्हटलं, तोच तर मुद्दा आहे. त्यांनी मान हलवत सही केली. मला त्या दिवशी फार हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणात मी तिला फोन करून सांगितलंही की, आता काही काळजी नको.

महिना-दीड महिन्याने एका ओळीचं पत्र आलं. गुणांत बदल नाही.

मी चिडले, दोन-चार ठिकाणी फोन केले, कुणी दाद दिली नाही. माझं मत कुणी वाचलं की नाही, हेसुद्धा कळलं नाही. बहुतेक नसावंच. माझ्या त्या थोर कबुलीजबाबाचा एवढाच उपयोग झाला की आमच्या कॉलेजातल्या शिपायापासून सगळ्यांना कळलं की गाईड मॅडमचं आहे. तिला मात्र हिवाळी परीक्षेला पुन्हा बसावं लागणार होतं. सासूने कुरकुर करत तेवढी मुदत वाढवून दिली. "दिवाळीपुढं एक डाव, मंग बंद," असं तिने स्वच्छ सांगितलं होतं.

ती दर रविवारी माझ्याकडे यायला लागली. मी तिला जमेल तेवढं पक्कं करून घेत होते. सीतादहीच लिही, पण प्रत्येक ओळ धरून लिही, म्हणजे तपासणाऱ्याला नाही म्हणता येणार नाही, असं मी तिला बजावत होते. सगळ्या ओळी बसत होत्या. अडत होती ती शेवटची. ही बाई मागे न बघता का जाते?

"तुम्ही मागे बघत नाही का?" मी विचारलं.

"तसं काई नसते मॅडम. तुमी या ना आमच्या वावरात. पाहा."

म्हणून दिवाळीच्या आधी मी तिच्या वावरात गेले. चाळीस-बेचाळीस वर्षांनी कपाशीत पाय ठेवत होते. काळ्या मातीत माझी चप्पल दर दहा पावलांवर रुतत होती आणि वेचायला आलेल्या बायका माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होत्या. तिने बांधालगत पाच दगड मांडले. कुंकू लावलं. जवळच्या झाडाची चार बोंडं मोकळी करून कापूस दगडांवर ठेवला आणि वाटीतलं दही त्यावर घातलं. पांढऱ्यावर पांढरं. ते इतकं साधं होतं की मला एकदम रडूच आलं. मी डोळ्यांत काहीतरी गेल्याचं सोंग केलं, पण सासूच्या नजरेतून ते सुटलं नसावं. तिने माझ्या हातावर दहीभात ठेवला.

भात खाता खाता मी बायकांना विचारायला लागले की दही दिल्यावर मागे बघायचं नसतं का. एक म्हणाली, देवाले देल्लं ते देल्लं, परत कायले पाहा लागते? दुसरी म्हणाली, मागं पाह्यलं तं घरी ठिवलेल्या पोराची याद येते, मंग हात चालत नाई. शेजारच्या तांड्यावरून वेचायला आलेली एक गोर बंजारा बाई होती, ती म्हणाली, "आमी तं पाहतो बापा. नाई पाह्यलं तं बकऱ्या खाऊन जातेत." सगळ्या खो-खो हसल्या. सासू म्हणाली, "त्या कवीले इचारा ना. ज्यानं लिहलं त्याले माहीत." कवी हयात नाहीत असं मी सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग राहू द्या."

घरी आल्यावर मी बराच विचार केला. चारही उत्तरं खरी वाटत होती आणि एकही त्या ओळीवर नीट बसत नव्हतं. माझ्या स्मशानाचा तेवढा एक धागा अजून तसाच लोंबत होता, हेही मला प्रामाणिकपणे कबूल करावं लागलं. कदाचित त्या बाईच्या मनात काही दुःख असेलही. सीतादही कळली म्हणजे कविता सगळी कळली, असं झालं नव्हतं. वावराच्या बांधापर्यंत माझ्या विद्यार्थिनीने मला आणून सोडलं होतं, पुढचं मलाही दिसत नव्हतं आणि तिलाही. पण आता निदान आम्ही दोघी खऱ्या वावराच्या बांधावर उभ्या होतो, हे काय कमी होतं?

मी गाईडाची ती पानं नव्याने लिहून काढली. सीतादही काय ते सांगितलं, ओळीला ओळ लावली आणि शेवटच्या ओळीपुढे लिहिलं की, हिचा अर्थ मला ठरवता आलेला नाही, वाचणाऱ्याने आपला विचार करावा. पुस्तकवाल्याने ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, गाईडात कुठं 'माहीत नाही' लिहतेत काय? मंग पोट्टे गाईड कायले घेतीन?" मी म्हटलं, नाही घेतलं तर पुस्तक वाचतील. त्याला हा विनोद आवडला नाही. पण मी हटून बसले तेव्हा तो तयार झाला. या परीक्षेपुरतं जुनंच चालू द्या, छापलेल्या प्रती संपू द्या, पुढच्या सत्राला नवं आणू, असं ठरलं.

हिवाळी परीक्षा झाली. पेपरच्या दिवशी तिचा फोन आला नाही. मी दोनदा केला, तो लागला नाही. नंतर एकदा बोलणं झालं तेव्हा ती 'गेला बरा' एवढंच म्हणाली आणि पोरांच्या सर्दीखोकल्यावर गेली. निकालाच्या दिवशी मात्र ती स्वतः आली. हातात पेढ्यांचा डबा, अंगावर नवी साडी. मी दारातच तिला मिठी मारली. पास झाली होती, तेही चांगल्या गुणांनी. तिने मला पेढा भरवला, मी तिला भरवला. दोघींच्या डोळ्यांत पाणी.

"कवितेचा प्रश्न आला होता?"

"आलता ना. तीच कविता आलती."

"मग? ओळीला ओळ धरून लिहिलंस ना?"

ती डब्याचं झाकण लावत राहिली. ते नीट बसत नव्हतं.

"तुमचं लिहलं मॅडम."

"म्हणजे आपण ठरवलं होतं तेच ना, सीतादही?"

"नाई. छापलेलं. विधवा, दगड झालेली इंद्रियं, समदं. शब्दाले शब्द पाठ केलतं." मग खाली बघून म्हणाली, "छायाप्रत आनली मी. दहापैकी आठ देल्ले."

मला तिच्यासाठी खरोखर आनंद झाला होता, तो कमी झाला नाही. पण त्या आनंदाच्या शेजारीच मला इतकी शरम वाटत होती की तिच्याकडे बघवेना. माझं शहाणपण मी कागदावर उतरवून, सही करून मोकळी झाले होते. पेपर तिला लिहायचा होता.

"माफ करा मॅडम. तुमी इतकं शिकवलं. पन सासूनं चौथं वर्स नसतं देल्लं."

"तू कशाला माफी मागतेस गं?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच चिडका वाटला. "नवं गाईड येतंय पुढच्या महिन्यात. ते सगळं बदललंय मी त्यात."

तिने डब्याचं झाकण एकदाचं बसवलं. घरात यंदा तिची जाऊही परीक्षेला बसणार होती, हे मला ठाऊक होतं. वाटलं, आता ही म्हणेल, एवढं वर्ष जाऊ द्या, मग बदला. आणि ती तसं म्हणाली असती तर काय उत्तर द्यायचं, हे मला सुचत नव्हतं.

"बदलाच," ती म्हणाली. "पन मॅडम, पयल्या प्रती तपासणाऱ्यायले पाठवा. पोरीयले तं माहीतच हाये."